हुकांसकट राजदूत

जुन्नर-आंबेगाव तालुक्यांत दुधाला लागलेली राजदूत मागून ओळखू येते. सीटच्या दोन्ही अंगांना जाड सळईचे हुक, मूळ कॅरिअरच्या जागी लोखंडी अँगलचं दणकट कॅरिअर आणि कॅन घासून घासून पार पत्र्यापर्यंत गेलेला रंग. कारखान्यातून ती अशी आली नव्हती. दूधवाल्याची गरज बघून गावच्या वेल्डिंगवाल्यानं तिला तसं घडवलं. आज घरच्या घरी जुनी गाडी उभी करायला निघालेला नवखा माणूस बहुधा पहिल्याच दिवशी ग्राइंडर काढतो आणि हे हुक छाटून टाकतो. शोरूमसारखी करायची तर ते नकोत आणि कापून-छाटून बॉबर करायची तरी नकोतच. मला हे मनापासून खटकतं. या गाडीचं कस्टमायझेशन एकदा होऊन गेलेलं आहे आणि ते इथल्या कामासाठी झालेलं आहे.

राजदूत मूळची पोलंडची. क्येल्त्से शहरातल्या एसएचएल कंपनीच्या एम-११ या मॉडेलवरून एस्कॉर्ट्स कंपनीनं साठच्या दशकात ती भारतात बनवायला घेतली. १७३ सीसीचं एका सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, तीन गिअर आणि पुढच्या चाकाला पोलिश घराण्याची ओळख सांगणारा दांड्यांचा झुलता फोर्क. म्हैसूरची जावा-येझदी आणि मद्रासची बुलेट या रुबाबाच्या गाड्या, राजदूत कष्टाची. १९७३च्या ‘बॉबी’ चित्रपटात झळकली ती तिची धाकटी बहीण, जीटीएस. ४० लिटरचा भरलेला एक कॅनच चाळीस किलोंच्या वर जातो. असे दोन लटकवून वाड्या-वस्त्यांवरून डेअरीपर्यंत जायचं काम थोरलीच्या वाट्याला आलं. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि तिच्या ॲव्हरेजपुढे टू-स्ट्रोकचा टिकाव लागेना. मग राजदूत गोठ्याच्या कोपऱ्यात गेली.

नवख्यानं पहिली गाडी म्हणून हीच घ्यावी. इंजिनात व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेन नाही. हेड आणि ब्लॉक साध्या पान्यांनी उतरतात. मॅग्नेटोचं चाक काढायला मात्र पुलर लागतोच. तिथे हातोडी चालवली की क्रँक कामातून गेला म्हणून समजा.

गोठ्यातून काढलेल्या गाडीची दुखणी वेगळी असतात. शेण-मुताच्या अमोनियानं तांबं-पितळ खाल्लं जातं, त्यामुळे कार्बोरेटरचे जेट आणि वायरींची टोकं आधी तपासावीत. भीमाशंकरच्या बाजूच्या पावसात राहिलेली असेल तर टाकी आतून गंजलेली मिळेल. बेल्हे-आण्याकडची कोरडी असेल, पण तिचं रबर उन्हानं तडकलेलं असेल. जाम इंजिनावर किक मारत सुटू नये. प्लग काढून भोकातून डिझेल आणि ऑइल सोडावं, एक-दोन रात्री मुरू द्यावं, मग वरचा गिअर टाकून मागचं चाक हातानं हळूहळू पुढे-मागे हलवावं. ब्रेकच्या ड्रमातली धूळ तोंडानं फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, म्हणून ती ओल्या फडक्यानं टिपून घ्यावी.

इंजिन सुटलं की बहुतेक जण पिस्टन-रिंगांकडे धावतात. मी आधी क्रँकची ऑइल सील बघेन. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवा आधी क्रँककेसमध्ये दाबली जाते, मग वर जाते. वर्षानुवर्षं उभ्या गाडीचं सील कडक होतं. मॅग्नेटोच्या बाजूचं गेलं तर हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं आणि तापून पिस्टन धरतो. गिअरच्या बाजूचं गेलं तर गिअरबॉक्सचं तेल आत ओढलं जातं आणि सायलेन्सर पांढरा धूर ओकतो. सील स्वस्त असतं. ते न बदलता बांधलेलं नवं बोअर-पिस्टन महागात पडतं.

इग्निशनच्या पॉइंटचं काम तर प्रत्येकानं स्वतः शिकावं. मॅग्नेटोच्या चाकाच्या खिडकीतून बघत ते सावकाश फिरवायचं. पॉइंट पूर्ण उघडले की ०.४ मिलिमीटरच्या आसपासचं फिलर गेज त्यात जेमतेम सरकलं पाहिजे, हाताला किंचित ओढ लागली पाहिजे. टोकांवर जळका निळसर डाग असेल तर बारीक कानशीचे दोन हात द्यायचे, मग पेट्रोलमध्ये बुडवलेला जाड कागद मधून ओढायचा. कागद काळा निघायचा थांबला की ठिणगी निळी पडते.

सगळं पुण्याहून आणावं लागत नाही. स्पेअरसाठी नाना पेठ आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार आहेच. पण विहिरीच्या मोटारी भरणारा वाइंडिंगवाला या भागात गावोगाव असतो, आणि मॅग्नेटोची जळकी कॉइल त्याच्या हाताबाहेरची नाही. ट्रॅक्टरची कामं करणाऱ्या लेथवर फोर्कचे बुशही होतात.

पहिला रुपया खर्च करण्याआधी कागद बघावेत. चासी आणि इंजिन नंबर आरसीशी जुळले पाहिजेत. मालक हयात नसेल तर आधी वारसांच्या नावावर गाडी करून घ्यावी. जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके एमएच-१४मध्ये, पिंपरी-चिंचवडच्या आरटीओकडे येतात. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, पण रोजच्या वापराला मनाई. शेतावर न्यायची असेल तर साधी फेरनोंदणीच बरी. चासी कापून बॉबर करणं दोन्हीकडे अडचणीचं आहे. व्हिंटेजच हवी आणि हुक चासीला वेल्ड केलेले असतील, तर काढण्याआधी मापं घ्यावीत, फोटो काढावेत आणि तेच हुक नट-बोल्टवर बसतील असे करून ठेवावेत.

बदल करायचेच तर असे, जे उद्या परत फिरवता येतील. रेझिस्टर असलेली प्लग-कॅप जरूर बसवावी: खोडदच्या परिसरात पसरलेल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी दुर्बीण आकाशातले क्षीण रेडिओ संदेश टिपते, आणि प्लगच्या ठिणगीतूनही रेडिओ लहरींचा गोंगाट बाहेर पडत असतो, तो या कॅपनं कमी होतो. दुसरा बदल पेट्रोलच्या नळ्यांचा. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. या पट्ट्यातल्या उसापासूनही ते होतं, पण जुन्या रबराला ते मानवत नाही आणि हवेतलं पाणी ओढून टाकीला गंज चढवतं. इथेनॉलला टिकणारी नळी घालावी. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करावेत.

नव्या बोअरला सुरुवातीला लिटरमागे ४० मिलि टू-टी ऑइल घालावं. पहिले ५०० किलोमीटर नारायणगाव-जुन्नरसारख्या सपाट रस्त्यावर, एका दमात न ताणता काढावेत. मधे थांबून प्लग काढून बघावा. तपकिरी असेल तर ठीक, पांढराफटक दिसला तर हवा कुठून शिरते ते शोधावं. नाणेघाटाचा किंवा भीमाशंकरचा चढ त्यानंतर.