निर्बंधांनी अणुभट्टी थांबते का?

इराणच्या बातम्या वाचताना आपण विचारतो, निर्बंध लादले की अणुकार्यक्रम थांबतो का? याचं उत्तर आपल्या पनवेलच्या शेजारीच आहे.

खाडीपलीकडे ट्रॉम्बेला १९६० साली कॅनडाच्या मदतीने ‘सायरस’ अणुभट्टी सुरू झाली. तिच्यातलं प्लुटोनियम १९७४च्या पोखरण चाचणीत वापरलं गेलं आणि कॅनडाने सहकार्य थांबवलं. तारापूरचं इंधन १९६३च्या करारानुसार अमेरिकेकडून यायचं. १९७८ साली अमेरिकेने कायदा केला: सगळी अणुकेंद्रं आंतरराष्ट्रीय तपासणीखाली आणा, तरच इंधन मिळेल. भारताने नकार दिला. बोलणी फिसकटली. अखेर १९८२ मध्ये फ्रान्सने इंधन द्यायचं कबूल केलं.

मग काय झालं? राजस्थानातली अर्धवट राहिलेली अणुभट्टी आपल्या अभियंत्यांनी पुरी केली, पण उशिरा. १९८५ मध्ये ट्रॉम्बेलाच ‘ध्रुव’ सुरू झाली, स्वदेशी आणि आंतरराष्ट्रीय तपासणीच्या बाहेर.

म्हणून आम्हांला वाटतं, निर्बंधांनी वेग कमी होतो, काम थांबत नाही. उलट देवाणघेवाण तुटली की जाब विचारायची सोयही जाते. ज्याच्याशी व्यवहारच उरला नाही, त्याचं कोण ऐकणार?