प्रतिकारशक्तीची हजारो रूपे

माणसाच्या सहाव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर एचएलए नावाचा जनुकांचा समूह आहे. माणसामाणसांत सर्वांत जास्त फरक याच जनुकांत आढळतो. त्यांची ४० हजारांहून अधिक रूपे आजवर नोंदली गेली आहेत. यांतला पहिला घटक फ्रेंच डॉक्टर ज्याँ दोसे यांनी १९५८ मध्ये शोधला. १९८०च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले.

या जनुकांपासून बनणारी प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर असतात. प्रत्येकाला वरच्या अंगाला एक खाच असते. पेशीतल्या प्रथिनांचे साधारण आठ ते दहा अमिनो आम्लांचे तुकडे ए, बी आणि सी प्रकारच्या एचएलए प्रथिनांच्या खाचेत बसून पृष्ठभागावर येतात. विषाणू शिरलेला असेल तर त्याचेही तुकडे असेच बाहेर दिसतात. प्रतिकारशक्तीच्या टी पेशी ते ओळखतात आणि बाधित पेशी मारून टाकतात. टी पेशीला नुसता विषाणू ओळखता येत नाही, तो शरीराच्या स्वतःच्या या प्रथिनासह समोर यावा लागतो, हे रोल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी उंदरांवरील प्रयोगांतून १९७४ मध्ये दाखवले.

रूप बदलले की खाचेची घडण बदलते आणि तिच्यात बसणारे तुकडेही बदलतात. एचएलए-बी ५७ हे रूप असलेल्या अनेकांच्या शरीरात एचआयव्ही बराच काळ आटोक्यात राहतो. या रूपाच्या खाचेत विषाणूच्या गाभ्याच्या प्रथिनाचे तुकडे बसतात. टी पेशींच्या नजरेतून सुटण्यासाठी विषाणूने तो भाग बदलला, तर त्याची वाढण्याची क्षमताच घटते. गांबियात १९९१ मध्ये झालेल्या अभ्यासात बी ५३ हे रूप तीव्र मलेरियापासून संरक्षण देत असल्याचे आढळले. पश्चिम आफ्रिकेत हे रूप बऱ्याच लोकांत असते, इतरत्र ते कमी दिसते. ज्या प्रदेशात जो रोग पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून बसला, तिथे त्याच्याशी झुंजणारी रूपे वाढत गेली.

तरीही कोणतेच रूप सर्व रोगांवर चालत नाही. बी २७ एचआयव्हीला रोखायला मदत करते, पण मणका ताठ करणाऱ्या अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसचा धोकाही त्याच्यामुळेच वाढतो. अर्थात, हे रूप असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. आई आणि वडील यांच्याकडून वेगवेगळी रूपे मिळाली, तर शरीराला अधिक तुकडे दाखवता येतात. समाजात जितकी रूपे जास्त, तितकी एखाद्या साथीत सगळेच सापडण्याची शक्यता कमी.

औषध देतानाही या फरकाचा विचार करावा लागतो. फिटवरील कार्बामाझेपिन या औषधामुळे काहींची त्वचा सोलवटून निघते आणि जिवावर बेतते. तैवानमध्ये अशा ४४ रुग्णांची तपासणी झाली, तेव्हा सर्वांमध्ये बी १५:०२ हे रूप सापडले. ही माहिती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. आग्नेय आशियात हे रूप बरेच आढळते, युरोपात क्वचितच. त्यामुळे एका खंडातल्या रुग्णांवरून काढलेला निष्कर्ष दुसरीकडे जसाच्या तसा लागू करणे धोक्याचे ठरते.

अस्थिमज्जा प्रत्यारोपणात मात्र हेच वैविध्य अडचण बनते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ पासून ही प्रत्यारोपणे होत आहेत. दात्याची आणि रुग्णाची रूपे जितकी जुळतील तितके बरे. सख्ख्या भावंडाशी ती पूर्णपणे जुळण्याची शक्यता २५ टक्के असते. भावंड जुळले नाही, तर अनोळखी दात्यांच्या नोंदवहीत शोध घ्यावा लागतो. भारतात विवाह शतकानुशतके जातीत आणि जमातीत होत आल्याने रूपांचे प्रमाण समाजागणिक बदलते, म्हणून रुग्णाच्याच समाजात जुळणारा दाता मिळण्याची शक्यता अधिक असते. नोंदणीसाठी गालाच्या आतून कापसाने घेतलेला नमुना पुरतो. प्रत्येक समाजातून असे नमुने जमा झाले, तरच प्रत्येक समाजातल्या रुग्णाला दाता मिळण्याची आशा धरता येईल.