म्हातारपणाच्या ठेवीवर कर्ज : केव्हां काढावें, केव्हां काढूं नये

शेतकऱ्यास सेवानिवृत्तीची तारीख नसते. हातपाय थकले म्हणजे तोच त्याचा निवृत्तीचा दिवस. त्या वेळीं सर्वस्वीं मुलांवर भार पडूं नये म्हणून बरेच शेतकरी पोस्टांत किंवा बँकेंत सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचें, म्हणजे लोक ज्यास 'पी. पी. एफ.' म्हणतात तें, खातें उघडतात. ही योजना १९६८ सालीं सुरू झाली व तिचे नवे नियम डिसेंबर २०१९ मध्यें जाहीर झाले. खातें उघडल्याचें आर्थिक वर्ष सोडून पुढें पंधरा वर्षें पुरीं झालीं म्हणजे सर्व रक्कम हातीं येते. मधल्या काळांत अडचण आल्यास या ठेवीवर कर्ज मिळतें. परंतु त्याची खरी किंमत पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. ती समजावून देण्याचा येथें विचार आहे.

प्रथम नियम पाहूं. हें कर्ज केव्हांही मिळत नाहीं. तिसऱ्या आर्थिक वर्षापासून सहाव्या वर्षाच्या अखेरीपर्यंतच तें काढतां येतें. ज्यानें २०२२-२३ सालीं खातें उघडलें, त्यास १ एप्रिल २०२४ पासून मार्च २०२८ पर्यंत ही सोय आहे. त्यानंतर, सातव्या वर्षापासून, कर्जाऐवजीं ठराविक मर्यादेंत रक्कमच काढून घेतां येते. अर्ज करण्याच्या वर्षापूर्वींचें दुसरें वर्ष संपतांना जी शिल्लक असेल, तिच्या शेकडा २५ पर्यंत कर्ज मिळतें. समजा, वरील गृहस्थानें २०२६-२७ सालीं अर्ज केला व ३१ मार्च २०२५ रोजीं त्याची शिल्लक १,६०,००० रुपये होती, तर त्यास ४०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळेल. पहिलें कर्ज पुरतें फिटल्याशिवाय दुसरें मिळत नाहीं. तसेंच एखाद्या वर्षीं किमान ५०० रुपयेही न भरल्यानें खातें बंद पडलें असेल, तर तें दंड भरून पुन्हा चालू करीपर्यंत कर्जाचा अर्ज चालत नाहीं.

या कर्जास जामीन लागत नाहीं, जमीन गहाण पडत नाहीं, आणि सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यांत बोजा चढत नाहीं. हा त्याचा मोठाच गुण होय. शिवाय व्याज वर्षास शेकडा १ इतकेंच सांगतात, म्हणून तें जवळजवळ फुकट आहे असें वाटतें. येथेंच हिशेब चुकतो. जितकी रक्कम खात्यांतून बाहेर गेली, तितकीवर ठेवीचें व्याज मिळणें थांबतें. ठेवीचा दर १ एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के ठरला. त्या दरानें ४०,००० रुपयांवर वर्षास २,८४० रुपये बुडतात व वर ४०० रुपये व्याज द्यावें लागतें. म्हणजे खरा खर्च ३,२४० रुपये, शेकडा ८.१ झाला.

आतां ताडून पाहावें. सावकार दरमहा शेकडा ३ घेत असेल, तर त्याच रकमेस वर्षाचे १४,४०० रुपये होतात. अशा देण्यांतून सुटण्यास, किंवा घरांतील आजारपणासारख्या न टळणाऱ्या खर्चास, ठेवीवरील कर्ज अवश्य काढावें. पण बी-खतासाठीं तें काढूं नये. २०२५-२६ सालच्या व्याज-सवलतीप्रमाणें तीन लाखांपर्यंतचें पीककर्ज वेळेवर फेडणारास शेकडा ४ दरानें पडतें. तें सोडून ८.१ चें घेण्यांत शहाणपण नाहीं. आणि लग्नाच्या मांडवासाठीं तर या ठेवीस हातच लावूं नये.

फेडीची मुदत ३६ महिन्यांची आहे. आधीं मुद्दल एकदम अगर हप्त्यांनीं भरावें. मग व्याज जास्तींत जास्त दोन मासिक हप्त्यांत द्यावें. मुदत टळल्यास व्याज शेकडा १ ऐवजीं ६ होतें, आणि तेंही कर्ज घेतलेल्या महिन्याच्या पुढील महिन्याच्या पहिल्या तारखेपासून. ठेवीचें बुडालेलें व्याज याहून वेगळें. खातेदार मध्येंच वारला, तर राहिलेलें व्याज वारसाच्या हातीं येणाऱ्या रकमेंतून वळतें होतें.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाहीं. या खात्यांतील रक्कम खातेदाराच्या कर्जापायीं न्यायालयाच्या हुकुमानेंही जप्त होत नाहीं. जमिनीवर कर्जाचा बोजा चढला, पीक बुडालें, तरी म्हातारपणाची ही शिदोरी सुरक्षित राहते. मात्र ती खात्यांत आहे तोंपर्यंतच. बाहेर काढलेल्या पैशास हें संरक्षण उरत नाहीं.

तेव्हां अर्ज भरण्यापूर्वीं तीन प्रश्नांचीं उत्तरें कागदावर लिहून काढावींत. यापेक्षां स्वस्त कर्ज दुसरीकडे मिळतें काय? हा खर्च खरोखर टळण्याजोगा नाहीं काय? आणि ३६ महिन्यांत येणाऱ्या तीन हंगामांपैकीं एक बुडाला, तरी उरलेल्या दोहोंतून हें मुद्दल फिटेल काय? तिन्हींचीं उत्तरें समाधानकारक आलीं, तर खुशाल कर्ज काढावें व पहिला हप्ता पहिल्याच सुगीस भरावा. एकाचें जरी तसें न आलें, तरी ठेव आहे तेथेंच राहूं द्यावी. बँकेचा हप्ता चुकला तर बँक नोटीस पाठविते. या कर्जाचा चुकला तर त्याचा तोटा आपल्याच उतारवयास सोसावा लागतो.