कुत्र्याचे गोचीड आणि घरातील ज्येष्ठ

पिरंगुट ओलांडून पौड आणि पुढे ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना आता पुष्कळ बंगले उभे राहिले आहेत. निवृत्तीनंतर शहर सोडून आलेले जोडपे, राखणीचा एक कुत्रा, अंगणात हिरवळ आणि कुंपणापलीकडे चरणारी गुरे, असे या घरांचे सर्वसाधारण चित्र असते. जुन्या वाड्यावस्त्यांत तर गोठा घराला लागूनच असतो. दोन्हीकडे एक तक्रार सारखीच ऐकू येते. कुत्र्याला औषध लावले, गोचीड गेले, आणि थोड्याच आठवड्यांत पुन्हा दिसू लागले. मग औषधाला दोष दिला जातो, किंवा पावसाला.

दोष बहुधा दोघांचाही नसतो. कुत्र्याच्या अंगावर दिसणारे गोचीड हा एकूण संख्येचा लहानसा हिस्सा असतो. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड आयुष्यात तीन वेळा रक्त पितो: अंड्यातून बाहेर आल्यावर, अर्धवट वाढ झाल्यावर आणि पूर्ण वाढ झाल्यावर. प्रत्येक वेळी पोट भरले की तो खाली गळून पडतो. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी भिंतीवर चढते, गिलाव्याच्या भेगेत किंवा दाराच्या चौकटीमागे शिरते आणि तेथे हजारो अंडी घालते. उपाशीपोटी महिनोन् महिने तग धरण्याची शक्ती या जातीत आहे. म्हणजे आपण ज्याला कुत्र्याचा रोग समजतो, तो प्रत्यक्षात घराचा रोग असतो. गुरांवरचा नेहमीचा गोचीड थोडा निराळा. तो लहानाचा मोठा एकाच जनावरावर होतो. पण त्याची मादीही अंडी घालण्यासाठी गोठ्याच्या भुईवर आणि दगडांच्या फटींतच उतरते.

म्हणून उपचार तिन्ही ठिकाणी एकाच वेळी व्हावयास हवा: प्राणी, घर आणि अंगण. कुत्र्यासाठी पशुवैद्यकाकडून गोळी किंवा मानेवर सोडावयाचे औषध घ्यावे आणि अंगावरचे गोचीड दिसेनासे झाले तरी ते सांगितलेल्या मुदतीपर्यंत चालू ठेवावे. भिंतींत दडलेली अंडी फुटून नवी पिल्ले येत राहतात, हे त्याचे कारण. कुत्र्याचे अंथरूण गार पाण्याने धुऊन उपयोग नाही. पाणी कढत हवे. भिंतींच्या, फरशीच्या आणि चौकटींच्या भेगा सिमेंटने किंवा लांबीने बुजवाव्यात. माझ्या मते महागड्या फवारणीपेक्षा हे गवंडीकाम अधिक टिकाऊ ठरते, आणि नेमके तेच कोणी करत नाही. अंगणातले गवत आखूड ठेवावे, पालापाचोळ्याचे ढीग हलवावेत, आजी-आजोबांची संध्याकाळची खुर्ची कुंपणालगतच्या झुडपांपासून दूर मांडावी. कोंबड्या गोचीड टिपतात, हे खरे. परंतु त्यांच्या भरवशावर राहू नये.

आता घरातील ज्येष्ठांकडे वळू. उतारवयात दृष्टी मंदावते, त्वचेची संवेदना कमी होते आणि अंगावर चामखिळी वाढतात. फुगलेला गोचीड ही नवी चामखीळ समजून दिवसेंदिवस तसाच राहू शकतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला तर तो काढणे सोडाच, सांगणेही जमत नाही. घरात किंवा गोठ्यात गोचीड असतील तर अंघोळ घालताना किंवा अंग पुसताना कानामागे, केसांत, काखेत, स्तनांखाली, कमरेला नाडी किंवा निऱ्या बांधतात त्या जागी, जांघेत आणि गुडघ्यामागे रोज नजर टाकावी. ‘नवी चामखीळ’ आली असे वाटले तर भिंग घेऊन पाहावे. तिला पाय असतील तर ती चामखीळ नव्हे.

चिकटलेला गोचीड काढण्यासाठी बारीक टोकाचा चिमटा घ्यावा. त्वचेच्या अगदी लगत, तोंडाजवळ धरावा आणि न पिळता, न झटकता, संथपणे सरळ वर ओढावा. रॉकेल, चुना, तंबाखू किंवा जळती उदबत्ती लावणे हे सर्व उपाय टाळावेत. त्यांत वेळ जातो आणि वृद्धांची पातळ त्वचा भाजते. गोचीड बोटांत चिरडू नये. चिकटपट्टीत गुंडाळून टाकावा. जागा साबणाने धुवावी. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर स्वच्छ कापड काही मिनिटे घट्ट दाबून धरावे. दिनदर्शिकेवर त्या तारखेला एक खूण करावी. तिचा उपयोग पुढे होतो.

औषधांविषयी एक कळकळीची सूचना. जनावरांवरचे गोचीड मारण्यासाठी अमिट्राझ नावाचे द्रव औषध पुष्कळ घरांत आणलेले असते. ते पाण्यात मिसळून लावावयाचे असते. पोटात गेले तर माणसाला गुंगी येते, नाडी मंद होते, रक्तातील साखर वाढते. त्याची बाटली खोकल्याच्या औषधाशेजारी फळीवर ठेवलेली असते, आणि रात्री चष्म्याविना उठलेल्या वृद्धाचा हात कोणत्या बाटलीवर पडेल याचा नेम नसतो. ती घराबाहेर कुलपात असावी. अपघात झालाच तर उलटी करवू नये आणि रुग्णालयात जाताना बाटली बरोबर न्यावी, कारण या विषबाधेची लक्षणे शेतीच्या कीटकनाशकांच्या विषबाधेसारखी दिसतात आणि उपचार मात्र वेगळा असतो. पिकांवरची कीटकनाशके कुत्र्याच्या अंगावर किंवा घरात कदापि वापरू नयेत. परमेथ्रिन असलेले कुत्र्याचे औषध मांजराच्या जिवावर बेतते. तंबाखूचे पाणीही निरुपद्रवी नाही. त्यातले निकोटीन त्वचेतून शरीरात शिरते. घरात फवारणी करावयाची असेल तर दम्याच्या रुग्णाला त्या दिवशी नातलगांकडे धाडावे.

परदेशी राहणारी मुले फोनवरून लाइम नावाच्या आजाराची भीती घालतात. तो मुख्यतः तिकडच्या निराळ्या गोचिडांचा आजार. आपल्याकडे नाव घ्यावे असे दोन. पहिला माकडताप. 1957 मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात तो आढळला, आणि त्याचा विषाणू शोधला तो पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानेच, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने. 2016 मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात त्याची साथ आली. त्या भागात काजूच्या बागेत जाऊन आलेल्या, किंवा आसपास माकडे मेल्याचे ऐकलेल्या माणसाला ताप आला तर त्याने ही गोष्ट स्वतः होऊन सांगावी.

दुसरा आजार रिकेट्सिया नावाच्या सूक्ष्म जंतूंचा. कुत्र्यावरचा गोचीड हे जंतू माणसात सोडू शकतो. चावल्यापासून साधारण दोन आठवड्यांच्या आत जोराचा ताप येतो, डोके ठणकते, अंग मोडून येते. काही दिवसांनी पुरळ उठतो आणि तो तळहात-तळपायांवरही दिसतो. सावळ्या त्वचेवर हा पुरळ सहज नजरेस पडत नाही, म्हणून उजेडात तळवे उघडून पाहावेत. पावसाळ्यानंतर गवतातल्या अतिसूक्ष्म किड्यांच्या चाव्याने येणारा स्क्रब टायफस याच कुळातला. त्यात चाव्याच्या जागी सिगारेटने डागल्यासारखी काळी खपली दिसू शकते. दोन्हींत प्लेटलेट कमी होऊ शकतात, त्यामुळे घरचे लोक डेंग्यू गृहीत धरतात आणि दिवस निघून जातात. डेंग्यूवर जंतुनाशक औषध चालत नाही. येथे मात्र डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त आणि जुने औषध लवकर सुरू झाले तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरू लागतो. उशीर झाल्यास मूत्रपिंडे, फुप्फुसे, मेंदू यांना बाधा पोहोचते, आणि साठीनंतर हा धोका अधिक असतो. तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता, केवळ दाट संशयावरून डॉक्टर हे औषध देतात. तो संशय यावा यासाठी घरी कुत्रा आहे, गोचीड निघाला होता, अमुक तारखेला काढला, एवढे तीन शब्द आपल्याकडून कानावर पडले पाहिजेत.

हे औषध स्वतःहून दुकानातून आणू नये. डॉक्टरांनी दिले तर घेण्याची रीत पाळावी. गोळी पेलाभर पाण्याबरोबर बसून घ्यावी आणि निदान अर्धा तास आडवे होऊ नये. घशाखाली अडकलेली गोळी अन्ननलिकेत जखम करते. अंथरुणावरील रुग्णाला पाठीशी उशा लावून बसवूनच ती द्यावी. दूध, कॅल्शियम, लोह किंवा आम्लपित्ताचे पातळ औषध आणि ही गोळी यांत दोन तासांचे अंतर असावे, नाहीतर तिचा बराचसा अंश अंगी लागतच नाही.