चाचणी जहाजे : हैदराबादची अस्त्रे, समुद्राची परीक्षा

नवे शस्त्र किंवा नवी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा युद्धनौकेवर कायमची बसवण्याआधी तिला समुद्रात कसून तपासावे लागते. या कामासाठी मुद्दाम बांधलेल्या, किंवा जुन्यातून बदलून घेतलेल्या, जहाजाला चाचणी जहाज म्हणतात. त्याच्यावर लढाईची शस्त्रे नसतात, असली तरी मोजकीच. जागा लागते ती रडार, अँटेना, नोंदयंत्रे, क्रेन आणि शास्त्रज्ञांच्या खोल्यांसाठी.

भारतात ही जहाजे विशाखापट्टणम किंवा कोचीच्या धक्क्याला दिसतात; त्यांच्यावर तपासल्या जाणाऱ्या बऱ्याच यंत्रणांचे माहेर मात्र हैदराबाद आहे. विद्यानगर आणि उस्मानिया विद्यापीठाचा भाग मागे टाकून शहराच्या दक्षिणेकडे गेले की कांचनबाग आणि चंद्रायणगुट्टा हे संरक्षण प्रयोगशाळांचे भाग लागतात. संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची क्षेपणास्त्र प्रयोगशाळा, डीआरडीएल, 1962 साली हैदराबादला आली. पुढे 1988 मध्ये ‘रिसर्च सेंटर इमारत’ ही आणखी एक प्रयोगशाळा उभी राहिली. ‘अग्नी’ क्षेपणास्त्रे घडवणारी अॅडव्हान्स्ड सिस्टिम्स लॅबोरेटरी याच शहरात आहे, इलेक्ट्रॉनिक युद्धतंत्राची डीएलआरएल इथलीच, आणि 1970 साली स्थापन झालेल्या भारत डायनॅमिक्सचे मुख्यालयही इथेच. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब आहे. एवढी मोठी तयारी ज्या शहरात होते, त्याला शेवटचा निकाल मात्र जहाजावरूनच मिळतो.

याचे कारण डीएलआरएलच्या कामातून चांगले कळते. शत्रूच्या रडारचे संकेत पकडून ते कोणत्या दिशेने येतात हे सांगणारी यंत्रणा प्रयोगशाळेत आधी प्रतिध्वनिरहित कक्षात तपासतात. त्या कक्षाच्या भिंती रेडिओलहरी शोषून घेतात, त्यामुळे मोजमाप स्वच्छ मिळते. जहाजावर हा स्वच्छपणा राहत नाही. डोलकाठी, धुराडे, क्रेन, कठडे, जे जे लोखंडी आहे त्यावरून लहरी परावर्तित होतात. समुद्राचा पृष्ठभागही त्या परतवतो, आणि जहाजाचीच दोन-तीन रडार शेजारी चालू असतात. त्यामुळे दिशा काही अंशांनी चुकते, तीही प्रत्येक बाजूला वेगवेगळी. उपाय सोपा पण वेळखाऊ आहे. किनाऱ्यावर ठाऊक असलेल्या जागी प्रक्षेपक चालू ठेवायचा, जहाज संथपणे पूर्ण 360 अंशांत फिरवायचे, आणि यंत्रणेने सांगितलेली दिशा व खरी दिशा यांतला फरक टिपत जायचे. हे प्रत्येक वारंवारता-पट्ट्यासाठी पुन्हा करायचे. यातून तयार होणारा दुरुस्ती-तक्ता यंत्रणेच्या स्मरणात भरला, की मगच तिच्यावर भरवसा ठेवता येतो. डीएलआरएलने विकसित केलेली ‘शक्ती’ ही नौदलासाठीची यंत्रणा नोव्हेंबर 2021 मध्ये नौदलाकडे सुपूर्द झाली. पहिला संच ‘आयएनएस विशाखापट्टणम’ या विनाशिकेवर बसला.

पाणतीराची चाचणी निराळ्या अडचणींची. सरावाच्या पाणतीरात स्फोटकाच्या जागी नोंदयंत्र असते. धाव संपली की तो हलका होऊन पृष्ठभागावर यावा अशी योजना असते, आणि तो लाटांत लांबून दिसावा म्हणून भडक रंग देतात. मग तो शोधून, न आपटता, उचलून घ्यायचा. आतल्या नोंदी वाचल्याशिवाय चाचणी पूर्ण होत नाही, आणि बुडालेला पाणतीर काहीच सांगत नाही. ‘वरुणास्त्र’ हा जहाजावरून सोडायचा जड पाणतीर विशाखापट्टणमच्या नौदल विज्ञान व तंत्रज्ञान प्रयोगशाळेने विकसित केला आणि भारत डायनॅमिक्सने तयार केला. तो जून 2016 मध्ये नौदलाकडे सोपवण्यात आला. सराव संपल्यावर तो कुठे आहे हे कळावे म्हणून त्यात जीपीएसची सोय आहे.

पाणतीर सोडणे आणि परत उचलणे, याच दोन कामांसाठी ‘आयएनएस अस्त्रधारिणी’ बांधली गेली. आधीची ‘अस्त्रवाहिनी’ जुलै 2015 मध्ये निवृत्त झाली आणि त्याच वर्षी 6 ऑक्टोबरला ही विशाखापट्टणमला दाखल झाली. सुमारे 50 मीटर लांबीचे हे जहाज भरूचच्या शॉफ्ट शिपयार्डने बांधले. आराखड्यात आयआयटी खरगपूरचा सहभाग होता. जोडकाया पद्धतीच्या बांधणीमुळे ते खवळलेल्या पाण्यातही कमी डुलते. मोठ्या जहाजांच्या कौतुकात या छोट्या जहाजाचे नाव सहसा येत नाही. पाणतीरांच्या कामात मात्र त्याच्यावाचून पान हलत नाही.

पाण्यातले आवाज टिपणारा सोनार जे ऐकतो ते तापमान आणि क्षारतेच्या थरांप्रमाणे बदलते. त्याचा अभ्यास याच संघटनेच्या कोचीतील प्रयोगशाळेसाठी ‘आयएनएस सागरध्वनी’ 1994 पासून करत आली आहे.

क्षेपणास्त्रांच्या बाबतीत पृथ्वीची गोलाईच आड येते. समुद्रसपाटीपासून 20 मीटर उंचीवरच्या रडारला पाण्याला चिकटून उडणारे लक्ष्य अठरा-एकोणीस किलोमीटरपलीकडे दिसत नाही. हजारो किलोमीटर जाणाऱ्या क्षेपणास्त्राचा शेवटचा टप्पा तर किनाऱ्यावरून दिसणे शक्यच नसते. म्हणून 19 एप्रिल 2012 रोजी ‘अग्नी-5’ पहिल्यांदा उडाले, तेव्हा मार्गात आणि लक्ष्याजवळ जहाजे उभी होती. या गरजेतून विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डने ‘आयएनएस ध्रुव’ बांधले. सुमारे 175 मीटर लांब, दहा हजार टनांहून जड, आणि डेकवर रडारचे मोठे पांढरे घुमट. ते 10 सप्टेंबर 2021 रोजी सेवेत आले. डुलत्या डेकवरून आकाशातला बिंदू धरून ठेवायचा तर जहाज क्षणोक्षणी किती कलते, किती उचलले जाते हे मोजून मापनातून वजा करावे लागते. अशा जहाजाची खरी कसोटी इथे लागते.

प्रत्येक देश चाचणीसाठी नवे जहाज बांधतो असे नाही. अमेरिकेने ‘नॉर्टन साउंड’ या जुन्या जहाजावर 1970 च्या दशकात एजिस ही हवाई संरक्षण यंत्रणा तपासली. जपानचे ‘असुका’ मात्र मुळातच चाचणीसाठी बांधलेले असून ते 1995 पासून सेवेत आहे. भारतात ‘आयएनएस राजपूत’ या विनाशिकेने 2003 मध्ये समुद्रावरून ‘ब्रह्मोस’ क्षेपणास्त्र सोडले आणि मे 2021 मध्ये निवृत्त होईपर्यंत तिने चाचणीची अनेक कामे केली. स्वसंरक्षणाच्या शस्त्रांची परीक्षा सर्वांत धोक्याची, कारण त्यात लक्ष्य जहाजाच्याच दिशेने झेपावते. त्यासाठी अमेरिकन नौदल ‘पॉल एफ. फॉस्टर’ ही जुनी विनाशिका दूरनियंत्रणाने चालवते. मारा चालू असताना तिच्यावर एकही माणूस नसतो.

ओडिशातील चांदीपूरला क्षेपणास्त्र उडवताना जवळच्या वस्त्यांतील लोकांना काही तास हलवावे लागते आणि त्यांना भरपाई द्यावी लागते. कोळ्यांच्या होड्याही थांबवाव्या लागतात. पल्ला वाढला की हा पेच वाढतो. कोचीन शिपयार्डने बांधलेले ‘अन्वेष’ हे तरते चाचणी क्षेत्र यावरचे उत्तर आहे. प्रक्षेपण मंच, नियंत्रण केंद्र, रडार आणि टेलिमेट्री, सगळे एकाच जहाजावर. भर समुद्रात, वस्तीपासून दूर, हवा तो पल्ला आखून घेता येतो. समुद्रावरच्या अशा चाचणीचे एक उदाहरण : येणारे क्षेपणास्त्र वातावरणाच्या आतच पाडणाऱ्या, समुद्रावरून सोडलेल्या भारताच्या अंतर्वायुमंडलीय प्रतिरोधक क्षेपणास्त्राची पहिली उड्डाण चाचणी 21 एप्रिल 2023 रोजी बंगालच्या उपसागरात, ओडिशाच्या किनाऱ्याजवळ यशस्वी झाली.