ओली भिंत आणि भित्तिपत्रक

कोकणातील पुष्कळ जुन्या शाळांच्या भिंती जांभ्या दगडाच्या आहेत. पावसाळ्यात त्यांना ओल येते आणि चुन्याची सफेदी भुकटी होऊन सुटू लागते. अशा भिंतीवर खळीने लावलेला कागद त्या भुकटीसह खाली येतो. मग एखाद्याने मन लावून लिहिलेली कविता केराबरोबर झाडली जाते.

मुलांनो, यावर उपाय सोपा आहे. छपराच्या वाशांना दोन सुतळ्या बांधून त्यांवर बांबूची काठी आडवी टांगावी. कागद पुठ्ठ्यावर चिकटवून पुठ्ठा काठीला अडकवावा. भिंत व पुठ्ठा यांत चार बोटे अंतर ठेवावे, म्हणजे मधून वारा खेळतो आणि भिंतीची ओल कागदाला लागत नाही.

भिंत बदलता येत नसली, तरी सोबत्याने लिहिलेले अक्षर जपणे आपल्या हाती आहे.