धडगावहून फ्रान्सला!

यंदाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या वहिनींनी विचारलं, "मग, यावर्षी कुठं जाणार?" मी म्हटलं, "फ्रान्सला." वाण लुटणाऱ्या बायका जागच्या जागी थांबल्या. एकीनं विचारलं, "विमानानं?" मी म्हटलं, "नाही हो, नंदुरबारहून नवजीवन एक्सप्रेसनं!" मग जी हसाहस झाली ती झालीच, पण मी खोटं बोलत नव्हते. आम्ही निघालो होतो पाँडेचेरीला, म्हणजे आताच्या पुदुच्चेरीला.

बी. ए.ला इतिहास घेतला तेव्हापासून फ्रान्स माझ्या डोक्यात बसला आहे. आता तासिका तत्त्वावर शाळेत शिकवते आणि नववीला फ्रेंच राज्यक्रांती शिकवताना दरवर्षी तो पुन्हा वर येतो. एकदा खरोखरीच वही घेऊन बसले. चौघांचे पासपोर्ट, व्हिसा, विमानाचं भाडं, तिथला मुक्काम अशी बेरीज केली आणि वही मुकाट्यानं मिटली. तासिकांच्या पैशांत तो आकडा या जन्मी जमणारा नव्हता.

आणि त्याच सुमारास सासूबाईंच्या डोळ्यांचं निघालं. काचबिंदू. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, की गेलेली नजर परत येत नाही. थेंब नियमित घातले तर आहे ती टिकवायची. आजूबाजूचं दिसणं कमी झालं होतं, म्हणूनच त्या उंबऱ्याला अडखळत होत्या आणि आम्ही मात्र 'नीट बघून चाला' असं म्हणत होतो! त्या रात्री मी त्यांना सहज विचारलं, "आई, काही बघायचं राहिलंय का हो?" मला वाटलं, पंढरपूर म्हणतील, काशी म्हणतील. त्या म्हणाल्या, "समुद्र."

अडुसष्ट वर्षं सातपुड्यात आणि तापीकाठी गेली. उदईचं पाणी पाहिलं, नर्मदा पाहिली, प्रकाशाला तापीत स्नान केलं. समुद्र नाही.

जवळचं का नको?

ह्यांचं म्हणणं बरोबरच होतं. "समुद्रच दाखवायचा तर सुरतेला डुमस आहे. दोन दिवसांत जाऊन येऊ." माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर सासूबाईंनीच दिलं. "सुरत जवळ आहे, केव्हाही जाऊ, असं तुझे वडीलही म्हणायचे. त्या केव्हाहीत चाळीस वर्षं गेली. आता लांबच न्या."

मैत्रिणींनो, प्रवासाच्या आखणीतला पहिला धडा मला तिथं मिळाला. जे 'केव्हाही' करता येतं ते बहुधा होत नाही. ज्याची तारीख ठरते आणि तिकीट निघतं तेच होतं.

पाँडेचेरीचं नाव मी सुचवलं. तिथं समुद्र त्यांचा आणि फ्रान्स माझा, असा माझा हिशेब. शिवाय हा फ्रान्स आपल्याला वाटतो तितका परका नाही. फ्रेंच कंपनीनं हिंदुस्थानात पहिली वखार घातली ती १६६८ साली आपल्या शेजारच्या सुरतेत. पुढं फ्रांस्वा मार्तँ या गृहस्थानं १६७४ पासून पाँडेचेरीत बस्तान बसवलं. तोच १६७७ साली शिवाजी महाराज दक्षिण दिग्विजयाला आले आणि त्यांनी जिंजी घेतली. तेव्हा घाबरलेल्या मार्तँनं महाराजांकडे वकील पाठवला, आणि शत्रूला मदत करायची नाही या अटीवर फ्रेंचांना तिथं राहू दिलं गेलं. पुढं १७६१ साली इंग्रजांनी ते गाव पार जमीनदोस्त केलं. आज दिसतं ते त्यानंतर पुन्हा उभं राहिलेलं. आपला देश १९४७ साली स्वतंत्र झाला तरी तिथं फ्रेंच झेंडा होताच. १ नोव्हेंबर १९५४ ला कारभार भारताकडे आला आणि कायदेशीर विलीनीकरण व्हायला १९६२ उजाडलं. हे सगळं मी जेवताना सांगितलं, तेव्हा आमची आठवीतली कन्या म्हणाली, "आई, तास संपला!"

केव्हा जायचं?

इथं मी पहिली चूक करणार होते. शाळेला सुट्टी दिवाळीची, म्हणून दिवाळीत जायचं ठरवत होते. पण आपल्याकडे पाऊस संपतो तेव्हा त्या किनाऱ्यावर सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हे तिथले खरे पावसाचे दिवस, वादळंही त्याच काळात. उन्हाळ्यात घामानं जीव नकोसा होतो. मध्य-जानेवारीत पोंगल, म्हणजे आपली संक्रांतच. तेव्हा सगळं तामिळनाडू प्रवासाला निघालेलं असतं. उरला जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारी. त्या दिवसांत गेलं तर माझ्या तासिका बुडणार आणि बुडलेल्या तासिकेचे पैसे मिळत नाहीत. वहीत 'बुडालेले तास' असा वेगळा खर्च मांडला आणि जानेवारीअखेर नक्की केली. घरच्या बाईच्या वेळेलाही किंमत असते, हे निदान वहीत तरी लिहून ठेवावं!

रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी सुरू होतं. ज्येष्ठांच्या भाड्यातली सवलत २०२० साली बंद झाली. पण पंचेचाळीस वर्षांवरच्या बायकांना खालचा बर्थ देण्याची सोय आहे. तिकीट काढताना वय अचूक लिहा. नवजीवन अहमदाबादहून चेन्नईला जाते आणि वाटेत नंदुरबारला थांबते, हे आपलं नशीब. घाट उतरून शहादा, मग नंदुरबार, या रस्त्याचा भरवसा धरू नये म्हणून आदल्या दिवशीच नणंदेकडे मुक्कामाला गेलो. गाडीत साधारण एक दिवस आणि एक रात्र जाते. चेन्नईहून पुढं पाँडेचेरी दीडशे किलोमीटरच्या आसपास. समुद्राकडेनं जाणारा रस्ता आहे. चेन्नईत बसस्थानकं एकाहून अधिक आहेत, तेव्हा आपली बस कुठून सुटते ते आधी विचारून घ्यावं.

वहीतली खाडाखोड

माझा पहिला बेत काय सांगू! तीन दिवसांत पाँडेचेरी, जिंजीचा किल्ला, तंजावर, ऑरोव्हिल. जिंजी तर हवीच होती. १६८९ साली राजाराम महाराज तिथं पोचले आणि १६९८ पर्यंत मराठ्यांचं राज्य त्या गडावरून चाललं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यात महाराष्ट्राबाहेरचा एकच, तो जिंजी. आणि तो निर्णय झाला कुठं, तर पॅरिसमध्ये भरलेल्या बैठकीत! मला तर वाटलं, सगळा योगच जुळून आला.

वही सासूबाईंना वाचून दाखवली. त्या ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "छान आहे. समुद्राला किती वेळ ठेवलाय?"

मी पाहिलं. संध्याकाळी सहा ते सात. एक तास!

मला खरोखर लाज वाटली. जिच्या डोळ्यांसाठी निघालो, तिच्या वाट्याला एक तास आणि माझ्या इतिहासाला अडीच दिवस. त्या रात्री सगळं खोडून नवा बेत केला. आधी घरातल्या सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाचा दिवस लिहिला, मग इतरांचा. तंजावर काढून टाकलं. जिंजी पाँडेचेरीहून सुमारे सत्तर किलोमीटर. ती ह्यांना आणि कन्येला दिली. किल्ल्याच्या पायऱ्या काचबिंदू झालेल्या माणसासाठी नाहीत. मला जिंजी हवी होती का? हवी होती. पण त्या दिवशी मी खाली राहायचं, हेही मीच लिहिलं.

काय पाहिलं?

गावाचा जुना भाग लंबगोल, आणि आत चौकटीसारखे सरळ रस्ते. सगळं चालत बघता येतं. मधून एक कालवा जातो. समुद्राकडच्या भागात फ्रेंचांची वस्ती. पिवळ्या भिंती, पांढऱ्या कडा, उंच खिडक्या आणि भिंतींवरून ओसंडणारी बोगनवेल. पाट्यांवर 'र्‍यू' म्हणजे रस्ता. एका पाटीवर 'र्‍यू द्युमा' वाचून ह्यांनी लगेच सुनावलं, "बघा, शेवटी डुमसलाच आलो!" कालव्याच्या अलीकडे तामिळ वस्ती. तिथल्या घरांना पुढं ओटे आहेत, येणाऱ्याजाणाऱ्यानं टेकावं म्हणून. सासूबाईंना पिवळ्या बंगल्यांपेक्षा ते ओटेच आवडले. "हे आपल्यासारखं," म्हणाल्या.

माणक्कुळ विनायकाचं देऊळ फ्रेंच वस्तीच्या अगदी मध्यात आहे आणि फ्रेंच येण्याच्या आधीपासूनचं आहे. गणपती पाहिला, की मराठी माणसाला परगावी आल्यासारखं वाटत नाही. जवळच अरविंदाश्रम. श्री अरविंद १९१० साली इथं आले आणि अखेरपर्यंत इथंच राहिले. समाधीपाशी बोलायचं नसतं. दोन मिनिटं गप्प बसल्यावर प्रवासाचा शिणवटा उतरतो. आश्रमाची अतिथिगृहं स्वच्छ असतात, मात्र आधी पत्रव्यवहार करावा आणि रात्री फाटक केव्हा बंद होतं ते विचारून ठेवावं.

भारती उद्यानाच्या मध्यावर एक पांढरा मंडप आहे. नाव 'आयी मंडप'. सासूबाईंनी चमकून विचारलं, "आई?" त्याची कथा अशी सांगतात, की आयी नावाच्या एका गणिकेचं घर इतकं शोभिवंत होतं, की वाटेनं जाणाऱ्या राजानं ते देऊळ समजून हात जोडले. खरं कळल्यावर तो संतापला आणि घर पाडायचा हुकूम दिला. ती म्हणाली, मीच पाडते. तिनं घर पाडलं आणि त्या जागी गावासाठी तळं खोदवलं. पुढं कित्येक वर्षांनी फ्रेंचांना गावात गोडं पाणी आणायचं होतं, तेव्हा त्या तळ्याचा उपयोग झाला. ही हकीकत फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन याच्या कानी गेली आणि त्याच्या काळात तिच्या नावानं हा मंडप उभा राहिला.

सासूबाई मंडपापाशी बराच वेळ उभ्या होत्या. डोक्यावरून पाणी आणण्यात ज्यांची अर्धी हयात गेली, त्यांना ही गोष्ट कुणी समजावून सांगावी लागत नाही.

समुद्र

किनाऱ्याच्या रस्त्यावर संध्याकाळी सहापासून सकाळी साडेसातपर्यंत वाहनं सोडत नाहीत. कमी दिसणाऱ्या माणसाला याहून मोठी सोय नाही. ना हॉर्न, ना धक्का. पण एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. रस्त्याला लागून वाळू नाही, मोठमोठ्या दगडांचा बांध आहे! पाय बुडवायचे तर सचिवालयाकडच्या वाळूच्या पट्ट्यापर्यंत चालावं लागतं, आणि तिथंही लाटांना ओढ असते. घोट्याच्या वर पाण्यात जाऊ नये.

ही दोघं जिंजीला गेली त्या दिवशी आम्ही सासवा-सुना पहाटेच तिथं पोचलो. पूर्वेचा किनारा, तेव्हा सूर्य पाण्यातूनच वर येतो. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला होता. लाट पायांवरून गेली आणि त्या म्हणाल्या, "माय वं, कितलं पानी शे!" मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, "बाजूचं दिसत नाही मला, पण याला बाजूच नाही."

ऊन चढल्यावर गांधींच्या पुतळ्यापाशी सावलीला बसलो. पुतळ्याभोवती दगडी कोरीव खांब आहेत. ते जिंजीहून आणलेले, असं मी वाचलेलं होतं. खांबाला हात लावून मी सासूबाईंना सांगितलं, "आई, ही आपली जिंजी." त्या म्हणाल्या, "मग तुझंही झालं म्हणायचं."

निघण्यापूर्वी

• डोळ्यांचे थेंब दोन बाटल्या घ्याव्या, एक पर्समध्ये आणि एक पेटीत. गाडीतही वेळ चुकवू नये. कुणाला तरी गजर लावायला सांगावं.

• दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि चिवडा पहिल्या दोन दिवसांना पुरतो. तिथं इडली आणि दहीभात मिळतो. म्हाताऱ्या माणसाला तो मानवतो.

• हिंदीचा फारसा उपयोग होत नाही. तीन शब्द पाठ करावे: 'तण्णी' म्हणजे पाणी, 'एव्वळवु' म्हणजे केवढ्याला, 'वेंडाम' म्हणजे नको.

• सुती कपडे, टोपी किंवा पदर, आणि न घसरणाऱ्या चपला.

• रोज एकच ठिकाण 'पाहिलंच पाहिजे' असं ठरवावं. बाकीचं जमलं तर.

घरी आल्यावर हिशेब केला. वहीत मांडलं होतं त्यापेक्षा थोडा जास्त खर्च झाला, बुडालेल्या तासिका धरून. परवा डोळ्यांच्या तपासणीला गेलो होतो. नजर आहे तेवढीच टिकली आहे. सासूबाईंनी डॉक्टरांना पहिल्यांदा काय सांगितलं असेल? "मी फ्रान्सला जाऊन आले."